बारा सामने, दहा पराभव : वाईट वर्षाचा हिशोब कसा मांडायचा?



मार्च संपला की आपल्या गटांत वर्षाचा हिशोब मांडायचे दिवस येतात. ज्या गटाचं वर्ष बरं गेलं, तिथली सभा अर्ध्या तासात आटोपते, चहा होतो, फोटो निघतो. ज्या गटाचं वर्ष वाईट गेलं, तिथं बहुतेक वेळा दोनपैकी एक घडतं. एकतर कुणी काही बोलतच नाही, नाहीतर सगळ्याजणी एकाच बाईकडं बोट दाखवतात. कधी सचिव, कधी अध्यक्ष, कधी जिचं कर्ज थकलंय ती. गप्प बसण्यानंही गट मोडतो आणि बोट दाखवण्यानंही मोडतो.

म्हणून आज मी तुम्हाला एका वाईट वर्षाचा हिशोब सांगणार आहे. उदाहरण मुद्दाम लांबचं घेतलंय. जवळचं घेतलं की नावं आठवतात, आणि नावं आठवली की हिशोब बाजूला राहतो. ही गोष्ट आहे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची. नाव फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटी. साल २०२४.

आधी संघाची ओळख

फ्लोरिडा हे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं राज्य. टॅलाहासी ही त्याची राजधानी, आणि तिथंच हे विद्यापीठ आहे. तुम्हाला ऐकून बरं वाटेल, १९०५ पासून १९४७ पर्यंत हे फक्त मुलींचं कॉलेज होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैनिक घरी परतले, त्यांना शिकायला जागा हव्या होत्या, तेव्हा १९४७ मध्ये मुलांनाही प्रवेश मिळू लागला. फुटबॉलचा संघही त्याच वर्षी उभा राहिला. पहिल्या वर्षी पाच सामने खेळला आणि पाचही हरला.

हा फुटबॉल म्हणजे आपली पोरं शाळेच्या मैदानात पायानं खेळतात तो नव्हे. अमेरिकेत त्या नावाचा वेगळाच खेळ आहे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. एका बाजूला अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढं सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडं जातो. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार गेलं की सहा गुण. तिथवर पोचता आलं नाही, तरी दोन उंच खांबांच्या मधून चेंडू लाथेनं मारला तर तीन गुण.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढं लागतील. चढाई करणारे खेळाडू वेगळे आणि बचाव करणारे वेगळे असतात. आणि चढाईत एकजण मधोमध उभा राहून चेंडू हातात घेतो, तो कुणाकडं द्यायचा ते ठरवतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात.

चांगलं वर्ष

वाईट वर्ष समजून घ्यायचं तर त्याच्या आधीचं वर्ष बघावं लागतं. २०२३ मध्ये हा संघ ओळीनं तेरा सामने जिंकला. आपल्या गटातलं, म्हणजे तिकडं ज्याला कॉन्फरन्स म्हणतात तिथलं, अजिंक्यपदही मिळवलं. पण नोव्हेंबरात त्यांच्या क्वार्टरबॅकचा, जॉर्डन ट्रॅव्हिसचा, पाय जबर दुखावला आणि त्याचा हंगाम संपला. उरलेले सामने संघानं त्याच्याशिवाय जिंकले.

त्या काळी देशातल्या चार संघांना शेवटच्या अजिंक्यपदाच्या लढतीत घेत. कोणते चार, ते एक समिती ठरवायची. डिसेंबरात समितीनं यादी जाहीर केली आणि एकही सामना न हरलेल्या या संघाला वगळलं. मुख्य खेळाडूशिवाय हा संघ आता तेवढा बळकट राहिला नाही, असं समितीला वाटलं. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता असा बाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ होती. लोक फार चिडले. त्यानंतर एक मोठा सामना मिळाला, पण संघातले बरेच चांगले खेळाडू त्यात उतरलेच नाहीत. जॉर्जिया विद्यापीठानं ६३ विरुद्ध ३ असा धुव्वा उडवला.

तरीही लोकांच्या मनात राहिले ते तेरा विजय आणि झालेला अन्याय. जानेवारी २०२४ मध्ये प्रशिक्षक माइक नॉर्वेल यांचा करार वाढवला, वर्षाला सरासरी एक कोटी डॉलरहून जास्त. नवीन हंगाम सुरू होण्याआधी पत्रकारांच्या क्रमवारीत संघ देशात दहावा होता, आणि आपल्या कॉन्फरन्समध्ये हाच जिंकणार असा अंदाज होता.

वाईट वर्ष

पहिला सामना २४ ऑगस्ट २०२४ ला, तोही घरापासून लांब, आयर्लंड देशात डब्लिनला. समोर जॉर्जिया टेक. २१–२१ अशी बरोबरी होती आणि वेळ संपता संपता त्यांच्या खेळाडूनं ४४ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला. २४ विरुद्ध २१, हार. लोक म्हणाले, नशीब वाईट.

मग घरच्या मैदानावर बोस्टन कॉलेजनं हरवलं, २८–१३. मग मेंफिसनं, २०–१२. हेच नॉर्वेल आधी मेंफिसचे प्रशिक्षक होते, म्हणजे जुन्या घरानंच येऊन हरवलं. चौथा सामना कॅलिफोर्नियाशी, तो कसाबसा १४–९ असा जिंकला. त्यानंतर ओळीनं सहा हरले. त्यातला शेवटचा नोत्र दाम विद्यापीठाशी, ५२–३. मग एका छोट्या कॉलेजला हरवलं आणि अखेरीस शेजारच्या फ्लोरिडा विद्यापीठाकडून ३१–११ अशी हार घेऊन हंगाम संपवला.

बारा सामने, दोन विजय, दहा पराभव. आदल्या वर्षी तेरा जिंकलेला संघ. इतकं वाईट वर्ष त्यांनी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं.

कारणं शोधताना

आता आपल्या कामाचा भाग. असं झाल्यावर लोक पहिल्यांदा काय कारणं देतात, आणि ती वहीतल्या आकड्यांसमोर टिकतात का, ते बघू.

पहिलं कारण : नशीब. पहिला सामना शेवटच्या क्षणी गेला हे खरं. पण दहाही पराभव ओळीनं मांडून बघा. आठ किंवा त्याहून कमी गुणांनी गेलेले सामने फक्त तीन : जॉर्जिया टेक, मेंफिस आणि ड्यूक. बाकीचे सात पंधरा किंवा त्याहून जास्त गुणांनी हरले. म्हणजे नशिबानं पूर्ण साथ दिली असती आणि ते तिन्ही सामने जिंकले असते, तरी बारापैकी पाचच हाती लागले असते. नशिबाचा वाटा होता, पण तो एवढाच.

दुसरं कारण : मुख्य माणूस जायबंदी झाला. त्या वर्षीच्या क्वार्टरबॅकच्या हाताला खरोखरच दुखापत झाली आणि तो पुढं खेळू शकला नाही. पण कधी झाली? पाचव्या सामन्यात. त्याच्या आधी, तो धडधाकट असताना, चारपैकी तीन सामने हरून झाले होते. घराला आधीच गळती होती, पाऊस नंतर वाढला.

तिसरं कारण : आमच्यावर अन्याय झाला. तेही खोटं नाही. पण समितीनं वगळलं ते डिसेंबर २०२३ मध्ये. ऑगस्टपासून पुढं चेंडू त्यांच्याच हातात होता.

ही तिन्ही कारणं खोटी नाहीत, म्हणूनच ती जास्त फसवतात. प्रत्येकात थोडं सत्य असतं, आणि तेवढ्या आधारावर आपण वही मिटून टाकतो. आपल्याकडंही बघा. 'पाऊस झाला नाही', 'बँकेनं उशीर केला', 'सचिव बाळंतपणाला माहेरी गेली'. यातलं सगळं खरं असेल. पण पाऊस जूनमध्ये रुसला आणि परतफेड फेब्रुवारीपासूनच थकलेली असेल, तर फेब्रुवारीचं कारण वेगळं आहे. तारखा शेजारीशेजारी लिहिल्या की हे लगेच दिसतं.

मग खरं काय झालं?

वहीत पुढं बघू. बारा सामन्यांत या संघानं मिळवले १८५ गुण, म्हणजे सामन्याला सरासरी पंधरा. त्यातले ४१ तर एकाच सामन्यात, त्या छोट्या कॉलेजसमोर. उरलेल्या अकरा सामन्यांत एकदाही २१ च्या वर गेले नाहीत. समोरच्यांना दिले ३३६, सरासरी २८. बचावही ढिला होता, पण मोठं भोक होतं चढाईत. जो संघ पंधराच गुण मिळवतो, त्याच्या बचावानं रोज किती अडवून धरायचं? चढाई लवकर संपली की बचाव करणारेच पुन्हा मैदानात. दमलेली माणसं आणखी चुकतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर एका गटात विक्री थांबली होती आणि सगळ्याजणी खर्च कुणी जास्त केला यावर भांडत होत्या. खर्च थोडा जास्त झालाही असेल. पण विक्रीच नसेल तर खर्च कापून कापून किती कापणार?

चढाई का ढासळली, याचं मुळातलं कारण चांगल्या वर्षातच होतं. तेरा सामने जिंकणाऱ्या त्या संघातले दहा खेळाडू २०२४ च्या वसंतात एकदम व्यावसायिक संघांनी निवडले. तिकडं कॉलेजच्या खेळाडूला साधारण चारच हंगाम खेळता येतात, मग तो जाणारच. जाणं हे यशच आहे, आपल्या पोरीला नोकरी लागल्यासारखं. पण दहाजण एकाच वर्षी जाणार आहेत हे आधी माहीत असतं. त्यांच्या मागं कोण उभं आहे, हा प्रश्न जिंकत असताना विचारायचा असतो. जिंकत असताना तो कुणाला सुचत नाही, हीच अडचण आहे.

इथं आणखी एक गोष्ट समजून घ्या. पूर्वी तिकडं एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गेलेल्या खेळाडूला सहसा वर्षभर बाहेर बसावं लागे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल नावाची यादी सुरू झाली. कॉलेज बदलायचं असेल त्यानं त्यात नाव घालायचं. २०२१ पासून बाहेर बसायची अटही सैल झाली, आणि त्याच वर्षापासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. त्यामुळं तयार खेळाडू बाहेरून आणणं सोपं झालं. या संघानं ते फार हुशारीनं केलं. २०२३ च्या यशात असे बाहेरून आलेले खेळाडू बरेच होते.

पण त्या यशामुळं वाटलं की दर वर्षी असंच जमेल. २०२४ साठी आणलेला क्वार्टरबॅक याआधी दोन विद्यापीठांत खेळलेला, अनुभवी. कागदावर उत्तम. पण बाहेरून आलेल्या माणसाला संघाची सवय व्हायला वेळ लागतो, आणि त्याच्या भोवतीचेही अर्धे नवीन असतील तर कुणाची सवय कुणाला होणार? आणि तो जायबंदी झाला तेव्हा मागं होती ती अगदीच कोवळी पोरं.

बाहेरचं माणूस आणूच नये, असं मी म्हणत नाही. आपल्याकडं पापडाची ऑर्डर मोठी आली की पॅकिंगला बाहेरची बाई बोलवावी लागते, हिशोबाला शिकलेली मुलगी लागते. बोलवा. पण तिच्या शेजारी गटातली एक जण बसवा. ती गेली तरी काम राहिलं पाहिजे.

जबाबदारी कुणी घेतली?

५२–३ अशी हार झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षकांनी आपल्या तीन सहायकांना काढलं. त्यात चढाईचा प्रमुख होता, बचावाचा प्रमुखही होता. लोकांचा राग थोडा शांत झाला. स्वतः नॉर्वेल राहिले. त्यांना काढायचं तर करारापोटी कोट्यवधी डॉलर मोजावे लागले असते. हंगाम संपल्यावर त्यांनी पुढच्या वर्षीच्या पगारातले ४५ लाख डॉलर विद्यापीठाच्या निधीला परत द्यायचं कबूल केलं.

यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. कुणी म्हणेल, एवढा मोठा पगार, ४५ लाख दिले तर काय झालं? कुणी म्हणेल, निदान वरच्या माणसानं स्वतःला तोशीस लावून घेतली. मला यातलं एवढंच घ्यावंसं वाटतं : खालच्यांना काढून जबाबदारी संपली असं झालं नाही, वरच्याच्या खिशालाही हात लागला. आपल्या गटात वर्ष वाईट गेलं तर पदाधिकाऱ्यांनी पहिल्यांदा उभं राहून 'आमच्या हातून हे राहिलं' असं म्हणावं. मग बाकीच्या बायांना बोलायचा धीर येतो. आणि जिचं कर्ज थकलंय तिला सगळ्यांसमोर फाडून खाण्याआधी, कर्जवाटपाच्या दिवशी इतिवृत्तावर कुणाकुणाच्या सह्या आहेत तेही वाचा.

पुढं काय झालं?

इथं गोष्ट छान संपवता आली असती. कारण पुढच्या हंगामाचा पहिलाच सामना, ३० ऑगस्ट २०२५, समोर अलाबामा. तोच संघ, ज्याला २०२३ मध्ये समितीनं यांच्याऐवजी आत घेतलं होतं. आणि फ्लोरिडा स्टेटनं त्यांना ३१–१७ असं हरवलं. लोक मैदानात धावले. नवीन क्वार्टरबॅक कोण होता माहीत आहे? टॉमी कॅस्टेलानोस. आदल्या वर्षी बोस्टन कॉलेजकडून ज्यानं यांना हरवलं, तोच. पुढचे दोन सामनेही मोठ्या फरकानं जिंकले.

पण मग ओळीनं चार हरले. अखेरीस पाच विजय, सात पराभव. दोनावरून पाचावर आले, म्हणजे सुधारणा आहे. पण एका मोठ्या विजयानं घडी बसली असं समजणं चुकीचं ठरलं. एका प्रदर्शनात स्टॉल चांगला गेला म्हणजे गट सावरला असं होत नाही. सलग बैठका, सलग बचत, वेळेवर परतफेड, हे वर्षभर चाललं तरच सावरला म्हणायचं.

याच संघाच्या जुन्या इतिहासात सावरण्याचं खरं उदाहरण आहे. १९७३ मध्ये ते अकरापैकी अकरा सामने हरले होते. एकही विजय नाही. १९७६ मध्ये बॉबी बाउडन नावाचे प्रशिक्षक आले. त्यांचंही पहिलं वर्ष पाच विजय, सहा पराभव असंच गेलं. त्यांना ठेवलं. पुढं २००९ पर्यंत ते तिथं होते, आणि विजयांपेक्षा पराभव जास्त असं वर्ष मैदानावर त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. १९९३ आणि १९९९ मध्ये देशाचं अजिंक्यपद मिळवलं. पहिलं अजिंक्यपद मिळायला सतरा वर्षं लागली. १९७६ च्या शेवटी कुणी 'हाही काही कामाचा नाही' म्हणून त्यांना घालवलं असतं तर?

आपल्या सभेसाठी

एक फरक मात्र विसरू नका. ते हरले तरी पुढच्या ऑगस्टला पुन्हा मैदान तयार असतं. आपला गट मोडला तर मैदानच जातं. गट मोडलेली बाई अडचणीला पुन्हा सावकाराकडं नाहीतर दर आठवड्याला दारात वसुलीला येणाऱ्या कंपनीकडं जाते, आणि तिथं तिचं ऐकून घ्यायला कुणी नसतं. म्हणून हिशोब नीट मांडणं आपल्याला जास्त गरजेचं आहे.

पुढच्या बैठकीत एवढं करा. सतरंजीवर मधोमध वही ठेवा आणि हे चार प्रश्न ओळीनं घ्या.

एक : गडबड नेमकी कोणत्या महिन्यात सुरू झाली? आठवणीवर जाऊ नका, वहीतली तारीख बघा. मग जे कारण आपण सांगतोय ते त्या तारखेच्या आधीचं की नंतरचं, ते तपासा.

दोन : भोक कुठं आहे? बचत कमी झाली, परतफेड थकली, विक्री घटली की खर्च वाढला? चारही आकडे वेगवेगळे लिहा. सगळ्यात मोठा फरक जिथं आहे तिथून बोलायला सुरुवात करा.

तीन : कोणतं काम एकाच बाईला येतं? बँकेचं, वहीचं, ऑर्डर घेण्याचं. त्या प्रत्येक कामापुढं दुसरं एक नाव लिहा. ज्यांचं वर्ष चांगलं गेलंय त्यांनी तर हा प्रश्न आधी घ्यावा.

चार : यातलं आपल्या हातात काय होतं? पाऊस नव्हता. कर्ज कुणाला, कशासाठी आणि किती द्यायचं हे होतं. हातातलं तेवढं पुढच्या वर्षाच्या पानावर उतरवा.

बैठकीत आवाज चढला तर पाच मिनिटं थांबा, पाणी प्या, पण उठून जाऊ नका. आणि जे ठरेल ते इतिवृत्तात लिहून सगळ्याजणींनी सह्या करा. पुढच्या मार्चमध्ये तेच पान उघडून बघता येईल.

तुमच्या गटात या चार प्रश्नांतून काय निघालं ते रेडिओ केंद्राला जरूर कळवा. नावं सांगितली नाहीत तरी चालेल, हिशोब सांगा.